सोसायटी ग्रुपवरची चर्चा : रणगाड्याचे पैसे नळाला देता येतील का?

ए-१०४ : सगळ्यांना विनंती, हा फॉरवर्ड वाचा. "देशाच्या बजेटमधला निम्मा पैसा सैन्यावर जातो, म्हणून दवाखान्यात औषध नाही आणि नळाला पाणी नाही." आपल्या सोलापुरात पाणी रोज येत नाही हे सगळ्यांना माहीतच आहे. मग हा पैसा तिकडून काढून इकडे का आणत नाहीत?

बी-३०२ : ताई, पाण्याचं दुखणं खरं आहे, आकडा खोटा आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्च ५०,६५,३४५ कोटी. त्यात संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी, म्हणजे १३.४५ टक्के. त्याच वर्षी निव्वळ व्याजापोटी १२,७६,३३८ कोटी ठेवले होते. संरक्षणाच्या जवळजवळ दुप्पट. खर्चाच्या रुपयातले साधारण पंचवीस पैसे जुन्या कर्जाच्या व्याजात जातात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला खरंच काळजी असती तर आधी त्या ओळीवर बोट ठेवलं असतं.

ए-२०३ : काका, पण ६.८१ लाख कोटी कमी आहेत का? आरोग्य मंत्रालयाला ९९,८५९ कोटीच होते की.

बी-३०२ : कमी मुळीच नाहीत. प्रश्न विचारायलाच पाहिजे. पण कुठल्या रकमेवर विचारायचा ते आधी ठरवा. संरक्षणाच्या चार मागण्या असतात, क्रमांक १९ ते २२. मागणी म्हणजे खर्चाला मंजुरी मिळावी म्हणून सरकार संसदेपुढं ठेवतं तो प्रस्ताव.

महसुली खर्च, म्हणजे पगार, दाणागोटा, इंधन, दारूगोळा, देखभाल : ३,११,७३२ कोटी
भांडवली, म्हणजे विमानं, जहाजं, तोफा, बांधकाम : १,८०,००० कोटी
निवृत्तिवेतन : १,६०,७९५ कोटी
मंत्रालयाचा नागरी खर्च, तटरक्षक दल आणि सीमा रस्ते धरून : २८,६८३ कोटी

शंभर रुपयांत ४६, २६, २४ आणि ४. पगार आणि पेन्शनला कुणी हात लावू शकत नाही, लावूही नये. बीएसएफ, सीआरपीएफ यात धरू नका, ते गृह खात्यात येतात.

सी-२०१ : बरोबर. आणि त्या १,८०,००० कोटींतही यंदा नवीन घ्यायला मोकळी रक्कम फार थोडी असते. करार एकदा झाला की पैसे टप्प्यानं जातात : सही होताच आगाऊ रक्कम, मग कामाचे ठरलेले टप्पे, मग माल हातात आल्यावर. एका मोठ्या कराराचे हप्ते सात-आठ वर्षं चालतात. त्यामुळं या वर्षीच्या भांडवली रकमेचा मोठा भाग जुन्या करारांच्या हप्त्यांना बांधलेला असतो. तो कापला तर दंड आणि व्याज आपल्यालाच बसतं.

बी-४०१ : सुभेदारसाहेब, एक जोडते. पेपरात "अमुक हजार कोटींच्या खरेदीला मंजुरी" अशी बातमी येते, ती बहुतेक वेळा संरक्षण खरेदी परिषदेनं गरज मान्य केल्याची असते. एक रुपयाही तेव्हा खर्च होत नाही. त्यानंतर निविदा, तांत्रिक तपासणी, प्रत्यक्ष चाचण्या, मग भावाची वाटाघाट, मोठी रक्कम असेल तर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती, आणि मग करार. मध्ये वर्षं जातात. आपलं तेजस मार्क-१ए लढाऊ विमान बघा. ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला, आणि या विमानासाठीचं पहिलं एफ-४०४ इंजिन अमेरिकेतून आलं मार्च २०२५ मध्ये. इंजिन नाही तर विमान नाही, विमान नाही तर हप्ता देय होत नाही.

ए-२०३ : मग न दिलेला हप्ता कुठं जातो?

बी-४०१ : त्यासाठीची तरतूद ३१ मार्चला व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते. आता खरी गंमत नव्हे, खरी चिंतेची गोष्ट सांगते. २०२४-२५ मध्ये संरक्षणाची भांडवली तरतूद १,७२,००० कोटी होती. सुधारित अंदाजात, म्हणजे वर्ष चालू असताना पुन्हा मांडलेल्या आकड्यात, ती १,५९,५०० कोटींवर आली. साडेबारा हजार कोटी वर्षाच्या मध्यातच खाली. आणि त्याच वर्षी जल जीवन मिशनला, म्हणजे घरोघरी नळ देण्याच्या केंद्राच्या योजनेला, ७०,१६३ कोटी ठेवले होते, सुधारित अंदाज २२,६९४ कोटी. ताई, आता सांगा, तोफेचे पैसे काढून नळाला देऊन काय होणार? नळासाठी ठेवलेल्यातलेच ४७ हजार कोटी नळापर्यंत गेले नाहीत.

ए-१०४ : हे वाचून सुन्न झाले. म्हणजे पैसा होता?

बी-४०१ : तरतूद होती. तरतूद म्हणजे संसदेनं दिलेली खर्चाची परवानगी, तिजोरीत बाजूला काढलेली रक्कम नव्हे. योजनेची मूळ मुदत २०२४ पर्यंत, २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणा फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. मुदतवाढीचा निर्णय लांबला की राज्यांना जाणारे हप्ते अडतात, राज्याचा निम्मा वाटा वेळेवर पडला नाही तरी अडतात, मागच्या हप्त्याचा विनियोग दाखला, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, दिला नाही तरी अडतात. हे तिन्ही तपासता येतं, आणि तपासलंच पाहिजे. माझं ठाम मत आहे की "सैन्य की दवाखाना" या भांडणात दोन्हीकडचा न झालेला खर्च लपून जातो.

बी-३०२ : आणि एका खात्याची बचत आपोआप दुसऱ्याकडे जात नाही. एका मागणीतली शिल्लक दुसऱ्या मागणीत वळवायला संसदेत पुरवणी मागणी आणावी लागते. एवढंच काय, एकाच खात्यात भांडवलीतून महसुलीकडेही परस्पर वळवता येत नाही. संरक्षणात पैसे उरले तर त्या वर्षी सरकार तेवढं कर्ज कमी काढतं, इतकंच. २०२५-२६ ची वित्तीय तूट १५.६९ लाख कोटी धरली होती, म्हणजे ५० लाख कोटींच्या खर्चातले जवळजवळ १६ लाख कोटी उसनेच.

सी-२०१ : पंधराव्या वित्त आयोगानं यावर उपाय सुचवला होता. संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेच्या आधुनिकीकरणासाठी व्यपगत न होणारा निधी, २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी २,३८,३५४ कोटींचा. सरकारनं तत्त्वतः मान्य केला, पण तो उभा राहिला नाही.

ए-२०३ : साहेब, असा निधी झाला तर मार्च अखेरची घाई थांबेल, पण दरवर्षी संसदेपुढं हिशेब देण्याची सक्तीही ढिली पडेल ना?

सी-२०१ : हा मुद्दा रास्त आहे. अर्थ मंत्रालयाचा आक्षेप साधारण तसाच राहिलाय. मला निधी हवा वाटतो, पण प्रत्येक काढलेल्या रुपयाची नोंद मागणी २१ मध्ये, म्हणजे भांडवली खर्चाच्या मागणीत, दिसली पाहिजे या अटीवर.

आणि पैसा असून जवानापर्यंत वस्तू कशी पोचत नाही ते बघायचं असेल तर फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेला कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल वाचा. सियाचीनसारख्या अतिउंच भागातले कपडे, साहित्य आणि शिधा. बर्फातले गॉगल, बूट यांचा तुटवडा, खरेदीला उशीर, जुन्या नमुन्याचे मुखवटे आणि झोपण्याच्या पिशव्या. शिध्याचं तर नीट समजून घ्या : ठरलेल्या पदार्थाऐवजी पर्यायी पदार्थ देताना उष्मांक न बघता किंमत बघितली. ठरलेल्या किमतीत महाग पर्याय कमी वजनाचा बसतो, म्हणून जवानाला मिळणारे उष्मांक काही वेळा तब्बल ८२ टक्क्यांनी घटले. एवढ्या थंडीत शरीर नुसतं उभं राहायला किती खातं! हा बजेट कमी असल्याचा दोष नाही, नियम लिहिणाऱ्याचा आणि तो न तपासणाऱ्याचा आहे. सैन्यावर प्रेम असणाऱ्यानं हे आधी विचारावं.

ए-१०४ : पटलं. मग विचारायचं कुणाला? आपल्यासारख्यांचं कोण ऐकतं?

बी-३०२ : कागद मागितला की उत्तर द्यावं लागतं, ताई. कॅगचा अहवाल मांडला की चार महिन्यांत मंत्रालयानं कारवाईची टिप्पणी द्यायची असते. अहवाल संसदेच्या लोकलेखा समितीकडे जातो, २२ खासदार, लोकसभेचे १५, राज्यसभेचे ७, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा. दुसरीकडे सगळ्या मागण्यांवर चर्चा होतच नाही. ठरलेल्या दिवशी उरलेल्या मागण्या एकत्र मतदानाला टाकतात. २०१८ मध्ये तर सगळ्याच मागण्या लोकसभेत चर्चेविना मंजूर झाल्या, संरक्षणाच्याही. म्हणून त्या त्या खात्यावरच्या संसदीय स्थायी समितीचे अहवाल महत्त्वाचे, तिथं अधिकाऱ्यांना बोलावून ओळ न् ओळ विचारतात.

ए-२०३ : आकडे स्वतः बघायचे तर?

बी-४०१ : इंडिया बजेटचं संकेतस्थळ उघडा, "एक्स्पेंडिचर बजेट" मध्ये जा, मागणी १९ ते २२ च्या पीडीएफ उतरवा. प्रत्येक ओळीला चार रकाने असतात : दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, गेल्या वर्षीचा अंदाज, गेल्या वर्षीचा सुधारित अंदाज, यंदाचा अंदाज. बातमीत फक्त चौथा येतो. तुम्ही दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवून बघा, आणि पुढच्या वर्षी त्याच ओळीचा पहिला रकाना. रकमा कोटीत असतात, आणि "निव्वळ" व "एकूण" यात गोंधळ होतो कारण वसुली वजा केलेली असते. नेहमी निव्वळ धरा, नाहीतर बेरीज जुळत नाही.

बी-३०२ : माहिती अधिकाराचंही सांगून ठेवतो. केंद्राचा अर्ज ऑनलाइन, फी १० रुपये, ३००० अक्षरांत मजकूर, मोठा असेल तर पीडीएफ जोडायची. डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सूट दिलेल्या संस्थांच्या यादीत आहे, भ्रष्टाचाराचा किंवा मानवी हक्कांचा मुद्दा नसेल तर तिथून माहिती मिळत नाही. कलम ८(१)(अ) खाली सुरक्षेचं कारण देतात, म्हणून शस्त्राची क्षमता किंवा साठा विचारू नका. "अमुक लेखाशीर्षावर (हिशेबातल्या खर्चाच्या ओळीवर) तरतूद, सुधारित आणि प्रत्यक्ष खर्च किती" एवढंच विचारा. ते नाकारायला सहसा कारण उरत नाही.

महापालिकेसाठी राज्याचे नियम : एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. बरेच अर्ज इथंच अडतात, लोक पाणी, रस्ता, दिवे एकाच कागदावर घालतात.

ए-१०४ : सोलापूरच्या पाण्यासाठी नेमका काय मजकूर?

बी-४०१ : लक्षात घ्या, जल जीवन मिशन गावांसाठी आहे, शहराला लागू नाही. शहरासाठी अमृत २.० ही केंद्राची शहरी पाणी योजना आणि महापालिकेचं स्वतःचं बजेट. उजनीपासून सोलापूरपर्यंत साधारण ११० किलोमीटरची समांतर वाहिनी हे पाणी आणण्याचं काम. पाणी शहरात आल्यावर टाक्या आणि अंतर्गत वितरण वाहिन्या पुरेशा नसतील तर पाण्याची पाळी तशीच राहते. म्हणून अर्ज वितरणाचा करा :

"अंतर्गत पाणी वितरण वाहिन्या व उंच टाक्या या लेखाशीर्षांखाली गेल्या तीन आर्थिक वर्षांतील मूळ तरतूद, सुधारित तरतूद व प्रत्यक्ष खर्च वर्षनिहाय द्यावा. सुरू असलेल्या प्रत्येक कामाचा कार्यादेश दिनांक, पूर्ण करण्याचा मूळ दिनांक, दिलेली मुदतवाढ व आकारलेला दंड यांची प्रत द्यावी."

"का" विचारू नका. कारण विचारलं की "ही माहिती अभिलेखात नाही" असं उत्तर येतं.

सी-२०१ : खासदारांसाठीचा प्रश्न मी लिहितो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न घेतात, तारांकितला चिठ्ठीत नंबर लागावा लागतो. आपल्याला आकडे हवेत, म्हणून अतारांकित, लेखी उत्तर मिळतं. पंधरा पूर्ण दिवस आधी सूचना लागते, तेव्हा अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच त्यांच्या कार्यालयात द्यायचा. प्रश्न एकाच मंत्र्याला. संरक्षणाचा वेगळा, जलशक्तीचा वेगळा. सांगोला, करमाळा, माळशिरसकडच्या नातेवाइकांना सांगा, त्यांचा मतदारसंघ माढा, त्यांनी तिकडं द्यावा.

ए-२०३ : मी मागणी २१ आणि जल जीवनची ओळ, दोन्हींचे रकाने एका तक्त्यात टाकतो. रात्रीपर्यंत ग्रुपवर येईल.

ए-१०४ : मी तो फॉरवर्ड काढून टाकते. महापालिकेचा अर्ज माझ्या नावानं जाऊ दे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावते. काका, तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर?

बी-३०२ : पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, मुदत संपल्यापासून तीस दिवसांत. अर्जाच्या पोचपावतीची झेरॉक्स जपून ठेवा, अपिलाला तीच लागते. अर्ज टपालानं नको, आवक विभागात देऊन शिक्का घ्या.