आई घरी विड्या वळते, पीएफ आहे. ती संघटित की असंघटित?

पूर्वभाग_सोलापूर: एमए अर्थशास्त्राचा प्रकल्प करतोय, पहिल्याच तक्त्यावर अडलोय. असंघटित क्षेत्रावरचा अर्जुन सेनगुप्ता आयोग म्हणतो 2004-05 मध्ये सुमारे 92 टक्के कामगार असंघटित. पीएलएफएस म्हणजे सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाच्या 2017-18 च्या अहवालात 68.4 टक्के. एवढी सुधारणा झाली असती तर आमच्या गल्लीला कळली असती. त्यात घरातलाच घोळ. आई कारखान्यातून पान-तंबाखू आणून घरी विड्या वळते, मजुरी हजार विड्यांमागे, पण पीएफ कापतात. चुलतभाऊ चाकणला मोठ्या कंपनीत ठेकेदाराकडून लागलाय. ना स्लिप, ना पीएफ. कुणाला कुठे टाकू?

हिशेबी: दहापेक्षा कमी माणसं म्हणजे असंघटित. आई असंघटित, भाऊ संघटित. विषय संपला.

निवृत्त_फील्डवाला: नाही संपला. तुम्ही धंदा मोजलात, नोकरी नाही. आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या संख्याशास्त्रज्ञांनीही 1993 साली धंद्यावरूनच व्याख्या केली होती, 2003 साली नोकरीवरून वेगळी केली. आपला सेनगुप्ता आयोग दोन्ही धरतो.

पूर्वभाग, ते दोन आकडे शेजारी मांडूच नकोस. 68.4 म्हणजे बिगरशेतीत काम करणाऱ्यांपैकी एकट्याच्या मालकीच्या किंवा भागीदारीच्या धंद्यांत किती टक्के. शेती त्यात नाही, तुझा भाऊही नाही. तो दुसऱ्या तक्त्यात सापडेल: त्याच वर्षी बिगरशेतीतल्या नियमित पगारदारांपैकी 71.1 टक्क्यांकडे लेखी करार नव्हता, 49.6 टक्क्यांना कसलीच सामाजिक सुरक्षा नव्हती.

आईचं प्रकरण जास्त अवघड. घरी बसून दुसऱ्याचा माल बनवून देणारे सर्वेक्षणात स्वयंरोजगारी, कोड 11, म्हणजे स्वतःचा धंदा करणारे. का, तर त्यांच्या मोबदल्यात मजुरीबरोबर थोडा नफाही असतो म्हणे! हजार विड्यांमागे नफा कुठे दडलेला असतो ते मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. आणि करार, रजा, पीएफचे रकाने फक्त पगारी नि रोजंदारीवाल्यांना. म्हणजे आईला पीएफचा प्रश्न विचारलाच जात नाही. पीएफ कायद्यापुरतं मात्र सर्वोच्च न्यायालयाने घरी विड्या वळणाऱ्यांना 1980 च्या दशकातच कर्मचारी ठरवलंय.

हे सगळं कोड 11 पडला तर. तुमच्याच भागात सर्वेक्षणाचं शेड्यूल, म्हणजे प्रश्नावली, भरायला जायचो. दारात सासरे बसलेले. "सून काय करते?" "काही नाही, घरीच असते." आत ती मांडीवर सूप घेऊन वळतेय, हात थांबत नाहीत. घरातल्या एकाने सगळ्यांची उत्तरं दिलेली चालतात, त्यामुळे कागदावर घरकाम. मग मी विचारायचो, "विड्यांचं कार्ड कुणाच्या नावावर?" की लगेच सुनेचं नाव.

पूर्वभाग_सोलापूर: काका, आमच्याकडेही आजोबा हेच सांगतील! मग आईसाठी रकाना कुठला?

निवृत्त_फील्डवाला: 2018 साली जिनिव्हात आयएलओच्या त्याच संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेत अशा लोकांसाठी नवा वर्ग केला, मराठीत 'परावलंबी कंत्राटदार' म्हण हवं तर. ना धड मालक, ना धड नोकर. पीएलएफएसमधून तो थेट निघत नाही. व्यक्तिगणिक डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर फुकट मिळतो. त्यात विडीचा उद्योग कोड 12002 आणि कामाची जागा स्वतःचं घर, एवढं गाळून घे. मग सोलापूर वेगळं काढायच्या नादाला लागू नकोस, नमुना फार तोकडा पडतो. राज्यापुरतं बघ, आणि कोड 11 सोबत कोड 21, म्हणजे घरच्या धंद्यातले बिनपगारी मदतनीस, पण घे. आईला पानं कातरून देणाऱ्या मुली तिथे असतात.