मदत हवी आहे: रॉल्सच्या वर्तुळाबाहेर कोण राहतं?

नमस्कार मंडळी. तत्त्वज्ञ जॉन रॉल्सच्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' (१९७१) या पुस्तकातल्या ७७व्या कलमावर गाडी अडली आहे. न्यायाची तत्त्वं तो लोकांमधल्या एका काल्पनिक करारातून काढतो.

समान न्याय कोणाला? रॉल्सच्या मते, ज्या व्यक्तीत दोन क्षमता असू शकतात तिला: स्वतःच्या हिताची कल्पना बाळगण्याची आणि न्यायबुद्धीची. क्षमता कमीजास्त असेल तर हक्कही कमीजास्त का नाही? त्यावर तो वर्तुळाची उपमा पुढे करतो. बिंदू केंद्राजवळ असो की परिघाला चिकटून, आत म्हणजे आत; तसंच किमान क्षमता असली की हक्क समान. देखणं उत्तर आहे, पण परीघ आखायचा कुठे? तान्ही मुलं आत येतात, कारण क्षमता सुप्त असली तरी चालते. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्यांचं काय? समान न्यायासाठी क्षमतांची ही अट पुरेशी आहे एवढंच तो म्हणतो. आवश्यक आहे का, हे बाजूला ठेवतो. तत्त्वज्ञ मार्था नसबॉम (२००६) नेमकं इथेच बोट ठेवते: करार करणारे आणि ज्यांच्यासाठी करार होतो ते एकच धरले आहेत.

आता प्रश्न. 'आपल्यात या क्षमता असतील की नाही' हेही अज्ञानाच्या पडद्याआड (करार करताना स्वतःचं स्थान कोणालाच माहीत नसतं, ही रॉल्सची कल्पना) ढकललं तर? अडचण अशी की रॉल्सच्या १९८० नंतरच्या मांडणीत प्राथमिक वस्तूंची (हक्क, संधी, उत्पन्न अशा कोणालाही लागणाऱ्या गोष्टींची) यादीच या दोन क्षमतांवरून ठरते. पाया काढला की यादी कोसळते, आणि पडद्यामागच्यांनी तुलना कशाची करायची?

यादी न मोडता वाट निघते का? कृपया कलम क्रमांकासह सांगा. मायकेल सँडेलची 'बंधमुक्त स्व'वरची (नात्यागोत्यांपासून सुटी धरलेल्या व्यक्तीच्या कल्पनेवरची) टीका इथे नको, तो मुद्दा वेगळा आहे.