जिमचे इअरफोन रस्त्यावर नकोत. पटतंय का?

पायडलमारू

"व्यायामाला आणि सायकल-बाइकवर, दोन्हीकडे चालेल असा एकच इअरफोन सुचवा" असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: असा इअरफोन शोधूच नका. जिममध्ये जो गुण, तोच रस्त्यावर दोष.

वजनं उचलायला कानात घट्ट बसणारे सिलिकॉन टिपवालेच उत्तम. टिप कानाची वाट नीट बंद करते म्हणून बेस टिकतो, बाहेरची धडधड आत येत नाही आणि आवाज कमी ठेवूनही भागतं. टिप सैल बसली की पहिला बळी बेसचा. मग लोक कंपनीला नावं ठेवतात आणि आवाज वाढवतात. खोक्यात तीन मापांच्या टिपा येतात त्या शोभेला नसतात. डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागणं अगदी सामान्य आहे, पण बदलून बघतो कोण?

आता हेच बूच घालून सायकलवर बसा. मागून येणारी गाडी सायकलवाल्याला आधी ऐकू येते, मग दिसते. त्यात इलेक्ट्रिक गाड्या. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 138 ज्यांनी स्वीकारलाय तिथे अशा गाडीला ताशी 20 किमीपर्यंत मुद्दाम आवाज करावा लागतो, त्यापुढे सगळी भिस्त टायरच्या घरघरीवर. ती घरघर बुचातून ऐकू येईल?

म्हणून सायकलवर एक तर बोन कंडक्शन, म्हणजे कान मोकळा ठेवून गालाच्या हाडातून आवाज पोचवणारे, नाही तर कानाबाहेर लटकणारे उघडे. मोटरसायकलवर काहीच नको. झोडा आता.

हेल्मेटधारी

सायकलपर्यंत ठीक होतं. शेवटच्या वाक्यात घसरलात.

ताशी 100 किमीच्या आसपास फुल-फेस हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज साधारण 100 डेसिबलच्या घरात जातो. इंजिनचा नव्हे, वाऱ्याचा. कामाच्या जागी सुरक्षा बघणाऱ्या अमेरिकेच्या 'नायोश' या संस्थेचा, कानाने किती वेळ सोसावं याचा हिशोब असा: 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. हायवेवर पंधरा मिनिटांत कोण कुठे पोचतो? मोकळ्या कानांनी लांबचे दौरे करणारे आपले कान हळूहळू गमावत असतात. जाणते रायडर कानात बोळे घालतात ते हौस म्हणून नाही.

"मग हॉर्न कसा ऐकू येणार" हा पुढचा प्रश्न येईलच. बोळा वारा जेवढा दाबतो, जवळपास तेवढाच हॉर्नही दाबतो. दोघांतलं अंतर तेच राहतं, आणि कान बधिर झालेला नसल्यामुळे हॉर्न उलट नीट कळतो. आता बोळ्याऐवजी घट्ट टिपवाला इअरफोन घातला आणि त्यातून हळू आवाजात रस्ता सांगणारी बाई बोलली, तर बिघडलं काय?

हेल्मेटमध्ये बसवायचे स्पीकर हा माझ्या मते सगळ्यात वाईट पर्याय. ते वारा अडवत नाहीत. त्यांना वाऱ्याच्या वर ओरडावं लागतं.

डेसिबल

हेल्मेटधारी, अर्धं बरोबर. बोळ्याचं गणित बोळ्यापुरतंच खरं आहे. बोळा वारा आणि हॉर्न दोन्ही कमी करतो, अंतर तेच ठेवतो, मान्य. पण गाणं त्या बोळ्याच्या *आत* वाजतं, ते कमी होत नाही. दाबलेल्या हॉर्नवर तुम्ही न दाबलेलं गाणं ओतलंत, अंतर बिघडलंच. दिशा सांगणारी बाई मधूनमधून बोलते आणि गप्प बसते, तिला माझी हरकत नाही. गाण्याला आहे.

दुसरं, तुम्ही कायम 100 ने जात नाही. सिग्नलला, गल्लीत, वाऱ्याचा आवाज गेलेला असतो आणि बूच मात्र तसंच. तिथे पायडलमारूंचा मुद्दा तुम्हालाही लागू पडतो.

नॉइज कॅन्सलेशनची, म्हणजे माइकने बाहेरचा आवाज टिपून तो खोडणाऱ्या सोयीची, भलामण करणारे येण्याआधी सांगतो: ते एकसुरी, खालच्या पट्टीच्या घरघरीवर छान चालतं. वारा थेट बाहेरच्या माइकवर आदळून जो खळखळाट करतो त्यापुढे ते गोंधळतं. बाहेरचं ऐकवणाऱ्या मोडचंही तेच, सायकलला वेग आला की माइक तुम्हाला गाडी कमी आणि वाराच जास्त ऐकवतो. जाहिरातीत तो मोड लावून कुणी चालताना दाखवतात, उतारावर सुटलेला सायकलवाला नाही.

एककानी

एवढा काथ्याकूट कशाला? एकाच कानात घाला, रस्त्याकडचा मोकळा ठेवा. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यातही दोन्ही कान झाकायला बंदी आहे, एकाला नाही. त्यांनी विचार करूनच ठेवलं असेल ना?

डेसिबल

एका कानाने हॉर्न ऐकू येतो. *कुठून* येतो ते कळत नाही. आवाज डावीकडून आला की तो उजव्या कानाला फार तर 0.7 मिलिसेकंद उशिरा आणि थोडा मंद पोचतो. मेंदू या दोन फरकांवरूनच डावी-उजवी बाजू ठरवतो. एक कान बुजवला, त्यात गाणं लावलं, की तुलना करायला दुसरी बाजूच उरली नाही. मग माणूस हॉर्न ऐकून भलतीकडे मान वळवतो.

कायद्याचं म्हणाल तर फ्रान्समध्ये 2015 पासून गाडी, मोटरसायकल, सायकल चालवताना कानात इअरफोन घालायला मनाई आहे, एकाच कानातलंही चालत नाही. हेल्मेटमध्येच बसवलेल्या स्पीकरला मात्र सूट! म्हणजे हेल्मेटधारींना जे सगळ्यात वाईट वाटतं तेच तिथे कायदेशीर. कानात वस्तू आहे की नाही ते पोलिसाला दिसतं, ती किती मोठ्याने वाजते ते दिसत नाही.

दमेकरी धावक

माझा आक्षेप जिमच्या बाजूने आहे. 'व्यायाम' म्हणजे फक्त बाकावर पडून वजनं उचलणं नव्हे. घट्ट टिप लावून पळून बघा, प्रत्येक पाऊल डोक्यात धप्प धप्प वाजतं. हाडांतून येणारे खालच्या पट्टीतले आवाज एरवी कानाच्या वाटेने बाहेर निसटतात, वाट बंद केली की आतच घुमतात. दोरीच्या उड्यांना तर नकोच. पळणाऱ्याला मैदानावरही अर्धे उघडेच बरे. तेव्हा तुमची सीमारेषा जिम आणि रस्ता अशी नसून, शरीर आपटतं की नाही अशी हवी.

आणि बोन कंडक्शनला एवढं डोक्यावर घेऊ नका. बेस नावालाच, आवाज वाढवला की गालावर गुदगुल्या. शेजारून ट्रक गेला की काही ऐकू येत नाही, म्हणून माणूस आवाज वाढवतो आणि नंतर तो कमी करायचं विसरतो. पडद्याला बगल दिली तरी आवाज पोचतो त्याच आतल्या शंखात, त्यामुळे 'कानाला सुरक्षित' हे त्याचं बिरुद मला अजिबात पटत नाही.

तिरकस

ताशी 25 ने सायकल चालवताना वाऱ्यावर मात करणारा, पण गाड्या ऐकू देणारा, बेस असणारा, पण कान न बुजवणारा… यादी वाढत चालली आहे. गाणी घरी ऐका की.

पायडलमारू

तिरकसराव, लांबच्या सपाट रस्त्यावर एकट्याने पायडल मारून बघा, मग बोलू.

दमेकरी, धप्प धप्प मान्य, मी वजनंच डोक्यात धरून लिहिलं होतं. पण ट्रक गेल्यावर आवाज वाढवणं हा माणसाचा दोष, यंत्राचा नव्हे. ट्रक चार सेकंदांत जातो, तेवढं गाणं बुडालं तर बुडू दे.

मोटरसायकलबद्दल हेल्मेटधारींचं बोळ्यांचं गणित मला पटलं, गाण्याचं नाही. तरीही एक अडचण त्यांनी सांगितली नाही: फुल-फेस चढवताना आतलं अस्तर इअरबड ओढून काढतं किंवा तिरका करतं. बाहेर दांडी असलेले तर विसराच.

नवखी रायडर

सगळं वाचून अजून गोंधळले. खोक्यावर आयपीएक्स7 हा पाण्यापासून बचावाचा आकडा असलेला घेतला की घाम, पाऊस सगळं निभावतं, एवढं तरी खरं ना?

डेसिबल

तेवढंही नाही. 7 म्हणजे एक मीटर साध्या, स्थिर पाण्यात अर्धा तास बुडवून तपासलेलं. पाण्याची जोरदार धार ही 5 आणि 6 ची वेगळी परीक्षा, 7 वाल्याने ती दिलेली असेलच असं नाही. मधला 'एक्स' म्हणजे धुळीचा आकडा दिलेलाच नाही, आणि खारट घामाची तर यात परीक्षाच नसते. व्यायामाला 4 सुद्धा पुष्कळ होतो. बरेच इअरबड मरतात ते डबीत. ओले तसेच आत ठेवले की चार्जिंगच्या पिना गंजतात, आणि डबीला बहुतेक वेळा तो आकडा लागूच नसतो. पुसा, वाळवा, मग ठेवा. कानही वाळू द्या, ओल्या कानात तासन्‌तास बूच म्हणजे खाज आणि संसर्गाला आमंत्रण.

हेल्मेटधारी

नवखी, चालवता काय ते आधी सांगा. आणि चष्मा आहे का? असेल तर कानामागून जाणारा हुक, चष्म्याची काडी आणि हेल्मेटचा पट्टा, तिन्ही एकाच जागी येतात.

नवखी रायडर

सायकल. आणि हो, चष्मा आहे.

पायडलमारू

मग हुकवाले आणि बोन कंडक्शनचा पट्टा, दोन्ही हेल्मेट आणि चष्मा घालूनच बघा, दुकानात नुसते कानाला लावून नको. पट्टा मानेमागे हेल्मेटच्या घट्ट करायच्या चकतीला टेकत असेल तर मान वर केली की तो वर सरकतो. आणि बटण दाबायचं असेल असं बघा, टचवालं नको. घामाच्या थेंबाने गाणं बदलतं आणि हातमोज्याने बदलत नाही.