रॉकी शेवटी हरतो. लेकराला काय सांगू?

सेलूकर

राम राम मंडळी. विषय सिनेमाचा आहे, पण विचारायचंय ते माझ्या लेकराबद्दल.

पोरगं तेरा वर्षांचं. दोन वर्षं झाली तालमीत जायलंय. पहाटे पाचला मी त्याला गाडीवर नेऊन सोडतो, साडेसातला घरी आणतो आणि मग दुकानाचं शटर वर करतो. मागच्या महिन्यात तालुक्याला त्याची कुस्ती लागली. समोरचा राज्यावर खेळून आलेला. आमचा गुणांवर हरला, पण पाठ लागू दिली नाही. खाली सापडला की पालथा पडायचा आणि दोन्ही हात पसरून मॅटला असा चिकटायचा की त्या पोराला उचलता येईना. ओरडून ओरडून माझा घसा बसला. त्या दिवसापासून तालमीला जातो, पण रस्त्यानं एक शब्द बोलत नाही.

म्हणून रविवारी त्याला 'रॉकी' दाखवला, स्टॅलोनचा बॉक्सिंगचा सिनेमा. मी औरंगाबादला शिकत असताना मित्राच्या खोलीवर बघितला होता. आधी सिल्व्हेस्टर स्टॅलोनची गोष्ट सांगितली. जन्माच्या वेळी चिमट्यानं ओढताना चेहऱ्याची नस दुखावली, त्यामुळं ओठ एका बाजूला उतरलेला आणि बोलणं जड. असल्या तोंडाला हिरोचं काम कोण देणार? १९७५ च्या मार्चमध्ये त्यानं मुहम्मद अली आणि चक वेपनर यांची लढत पडद्यावर बघितली. वेपनरला कुणी गणतीत धरत नव्हतं. त्यानं नवव्या फेरीत अलीला खाली बसवलं आणि पंधराव्या फेरीपर्यंत तग धरला. संपायला १९ सेकंद उरले असताना पंचानं लढत थांबवली. त्या जोरावर स्टॅलोननं साडेतीन दिवसांत पटकथा लिहून काढली. निर्माते पैसा द्यायला तयार होते, पण हिरो नावाजलेला पाहिजे म्हणाले. घरात पैसा नसताना हा अडून बसला, रॉकी मीच होणार म्हणून. हे सगळं पोरगं मन लावून ऐकत होतं.

शेवट आला. घंटा वाजली, माणसं रिंगमध्ये घुसली, रॉकी सुजल्या डोळ्यांनी त्याच्या मैत्रिणीला, एड्रियनला हाका मारायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी. आणि लेकरू म्हणालं, "बाबा, निकाल सांगितला की त्यांनी. हरलाच ना हा?"

त्या गोंगाटात निकाल पुकारतात, तो मला कधी नीट ऐकूच आला नव्हता. त्यानं बरोबर ऐकला. मी काहीतरी बोललो, पण त्याला पटलं नाही. भिंतीकडं तोंड करून झोपला.

तुम्ही काय सांगितलं असतं? आणि स्टॅलोनचे अजून कोणते दाखवू?

लाल_माती

सेलूकर, मी लोहा तालुक्यातला. वय ५४. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत रेवडीवर कुस्ती खेळत मोठा झालो. आमच्या तालमीत मारुतीच्या शेजारी रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांचा फोटो होता. आपल्या लातूर जिल्ह्याचा माणूस म्हणून वस्ताद रोज त्याला हार घालायचे. हा सिनेमा मी चाळिशी जवळ आल्यावर बघितला. भाच्यानं सीडी आणली होती. इंग्रजी मला येत नाही, भाचा थांबवून थांबवून सांगत होता.

लेकराला खोटं सांगू नका. हरला म्हणून सांगा. पंचांचा कौल समोरच्या अपोलो क्रीडच्या बाजूनं गेला. पण रॉकीनं मागितलं काय होतं, ते त्याला परत दाखवा. लढतीच्या आदल्या रात्रीचा भाग आहे. झोप येईना म्हणून रॉकी एकटाच त्या रिकाम्या स्टेडियममध्ये जातो. वर त्याचं भलंमोठं चित्र टांगलेलं. चित्रात चड्डी लाल आणि पट्टा पांढरा. त्याची खरी चड्डी पांढरी आणि पट्टा लाल. आयोजक तिथंच भेटतो. रॉकी त्याला सांगतो की चित्र चुकलंय. आयोजक म्हणतो, त्यानं काय फरक पडतो.

भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मी त्याला सिनेमा बंद करायला लावला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसलो.

१९९४ ची गोष्ट. आमच्याच भागातली एक जत्रा. कोल्हापूरच्या एका तालमीतला नावाजलेला गडी आणला होता आणि त्याच्या जोडीचा पैलवान ऐनवेळी आलाच नाही. रॉकीचंही असंच आहे बघा, अपोलोशी खेळणाऱ्याचा हात दुखावतो आणि पाच आठवड्यांवर लढत आलेली असताना ह्याला बोलावतात. मला चार दिवस आधी सांगितलं. घाईघाईत नवीन हँडबिलं निघाली. त्याचा फोटो, तालीम, गुरूचं नाव, सगळं झोकात. माझं खाली एका ओळीत, आणि आडनाव चुकलेलं. दुसऱ्याच कुणाचं आडनाव. मी कमिटीतल्या माणसाला जाऊन सांगितलं. तो नोटा मोजत होता. वर न बघता म्हणाला, "नावाला काय करायचंय? कुस्ती झाली की पैसे घेऊन जा."

रॉकी त्या रात्री घरी येऊन एड्रियनशेजारी पडतो आणि सांगतो की अपोलोला पाडणं माझ्याच्यानं होणार नाही, शेवटची घंटा वाजेल तेव्हा मी पायावर उभा असलो म्हणजे झालं. मला सांगायला एड्रियन नव्हती, आई होती. ती भाकरी थापत होती. मी म्हणलं, आई, त्याला मी पाडू शकत नाही. ती म्हणाली, मग पडू नको.

पाऊण तास चालली. त्यानं मला तीनदा खाली घेतलं. मानेवर घुटना ठेवला, तोंड मातीत दाबलं, श्वास घ्यायला नाक मोकळं नव्हतं. हलगीवाला इतका जवळ येऊन वाजवत होता की हलगी छातीत वाजल्यासारखी वाटायची. पाठ लावून घेतली नाही मी. शेवटी पंचानं दोघांचे हात वर केले आणि बरोबरीत सोडवली. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, दहा-दहा रुपये हातात कोंबले. पण मला आठवतं ते वेगळंच. तो गडी अंगावरची माती झाडत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "नाव काय रं तुझं?" मी सांगितलं. त्यानं ते पूर्ण, आडनावासकट, एकदा म्हणून बघितलं. आठ दिवस माझ्या कानातून लाल माती निघत होती, आई तेल घालायची.

भाचा पुढं म्हणाला की ते चित्र खरोखरच चुकून आलं होतं. सगळा सिनेमा दहा लाख डॉलरच्या आतबाहेर, २८ दिवसांत उरकलेला. नवं चित्र करायला पैसे नव्हते, म्हणून स्टॅलोननं चूकच संवादात घेतली. रॉकीचा झगा ढगळा आला, तेही तसंच घेतलं. बर्फावर घसरायला जातात तिथं रिकामं मैदान आहे, कारण गर्दीच्या माणसांना द्यायला पैसा नव्हता. त्यात एड्रियन घसरते आणि हा बुटानंच शेजारी पळत तिला सांभाळतो. गर्दी असती तर ते इतकं गोड झालं नसतं, हे माझं मत.

तुमच्या लेकराचं दुखणं मला कळतं. आम्हाला 'बरोबरी' हा शब्द होता. मॅटवर गुण मोजतात, कुणीतरी एक हरतोच, त्यामुळं त्या पोराला तो शब्द कुणी दिलाच नाही. तुम्ही द्या.

फौजीच्या_घरची

दादा, लाल_माती मामांचं वाचून पुढं काही लिहावंसं वाटेना, पण तुम्ही दुसरे सिनेमे विचारले म्हणून लिहिते. आम्ही अंबाजोगाईचे.

'रॅम्बो' म्हटलं की लोकांना छातीवर गोळ्यांचे पट्टे घातलेला माणूस आठवतो. आमच्या लहानपणी कटिंगच्या दुकानात तोच फोटो असायचा. तो पुढच्या भागांचा. पहिला भाग, १९८२ चा 'फर्स्ट ब्लड', अगदी वेगळा आहे. व्हिएतनामवरून आलेला सैनिक मित्राला भेटायला जातो, तर मित्र कॅन्सरनं वारलेला. मग नुसतं कुठंतरी जेवावं म्हणून गावात शिरतो आणि तिथला शेरीफ, म्हणजे पोलिसांचा मुख्य, त्याला गाडीत घालून पुलापलीकडं नेऊन सोडतो. कपडे मळके, केस वाढलेले, एवढाच गुन्हा. तो वळून परत गावाकडं चालायला लागतो, तिथून सगळं सुरू होतं. ह्या सिनेमात तो ठरवून कुणाला मारत नाही.

शेवटी त्याच्या कर्नलपुढं तो ढसाढसा रडतो. तिकडं माझ्या हातात लाखो डॉलरची यंत्रं दिली होती, इथं मला गाड्या लावायचं कामसुद्धा कुणी देत नाही, अशा अर्थाचं बोलतो. माझे मालक सतरा वर्षं नोकरी करून आले. फौजेच्या सिग्नल विभागात होते. आल्यावर दीड वर्ष कामासाठी फिरले, शेवटी एका एटीएमवर रात्रपाळी मिळाली. हा सिनेमा आम्ही दोघांनी सोबत बघितला. ते त्या जागी उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

मूळ कादंबरीत रॅम्बो मरतो. सिनेमात त्याला जिवंत ठेवलं, ते मला फार बरं वाटतं. लेकराला दाखवा, पण शेजारी बसून दाखवा. १९८५ चा दुसरा रॅम्बो आणि त्याच वर्षीचा चौथा रॉकी आत्ता नको. तिथं तो कुणालाच हरण्यासारखा दिसत नाही.

डिझेल_अण्णा

ताईंचं बाकी सगळं मान्य, चौथा रॉकी सोडून. बर्फात ओंडके उचलून केलेला सराव पोरांना आवडतो.

माझ्याकडून एक, 'ओव्हर द टॉप', १९८७. ट्रक ड्रायव्हर आहे, पंजा लढवतो, दुरावलेल्या पोराला जवळ करायचंय. समीक्षकांनी झोडपलेला सिनेमा. माझे वडील नांदेड-हैदराबाद ट्रकवर होते, महिन्यातून चार दिवस घरी असायचे. त्यात बाप आणि पोरगं ट्रकच्या केबिनमध्ये शेजारी बसतात आणि बराच वेळ काय बोलावं ते दोघांनाही कळत नाही. ते बघताना मला आमच्या केबिनमधला डिझेलचा वास आला. पंजा लढवायच्या आधी तो टोपी उलटी फिरवतो. आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांनी ते उचललं होतं.

जालनेकर

सेलूकर, पोरगं अजून तीन-चार वर्षांनी मोठं झालं की 'कॉप लँड' दाखवा. १९९७ चा. तोवर स्टॅलोनचे बरेच सिनेमे पडले होते, लोक म्हणायचे ह्याला नुसते दंड आहेत. ह्यानं त्या सिनेमासाठी अठरा किलोच्या आसपास वजन वाढवलं, पोट सुटलेलं दाखवलं आणि समोर रॉबर्ट डी निरो, हार्वी कायटेल असताना खांदे पाडून उभा राहिला.

त्यात तो एका छोट्या गावाचा शेरीफ आहे. तरुणपणी बुडत्या गाडीतून एका मुलीला वाचवलं, त्यात एक कान गेला, आणि त्या कानामुळं न्यूयॉर्क पोलिसात घेतलं नाही. ज्या पोलिसांसारखं व्हायचं होतं तेच त्याच्या गावात राहतात आणि त्याला हिशेबात धरत नाहीत. माझे वडील होमगार्ड होते. पोलीस भरतीत दोनदा उंचीत गेले, अर्धा इंच कमी. गणपतीत, निवडणुकीत बंदोबस्ताला जाताना घडी मोडू नये म्हणून वर्दी हातावर धरून न्यायचे आणि तिथं जाऊन घालायचे. शेवटी त्या शेरीफच्या चांगल्या कानाजवळ बंदूक उडवतात. आवाज जातो. मग तो सगळ्या शांततेत, नुसतं बघत, एकटा त्या माणसांकडं चालत जातो. गोळीबार होतो आणि आपल्यालाही धड काही ऐकू येत नाही. मला स्टॅलोनचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं, रॉकीपेक्षाही.

आणि २०१५ चा 'क्रीड' विसरू नका. अपोलोचा पोरगा रॉकीकडं शिकायला येतो. रॉकी म्हातारा, आजारी, कोपऱ्यात उभा राहणारा वस्ताद. त्या कामाला त्याला गोल्डन ग्लोब मिळालं, ऑस्करचं नामांकनही. रॉकी म्हणून पहिलं नामांकन मिळून तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती.

सेलूकर

सगळ्यांचे आभार. काल रात्री पोराला शेजारी बसवून मामांचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. मानेवरच्या घुटन्यापाशी त्यानं थांबवलं आणि खाली सतरंजीवर पालथा पडून मला म्हणाला, ठेवा बरं गुडघा, कसा असतो बघू. मी ठेवला. त्यानं हनुवटी छातीला लावली, कोपर आत ओढलं आणि म्हणाला, मामांनी असं केलं असणार.

मग चित्राचा तो भाग परत लावला. दोनदा बघितला. आज पहाटे गाडीवर मागं बसल्या बसल्या म्हणाला, "बाबा, मामांना एक विचारा. पुढच्या वर्षी हँडबिलावर त्यांचं नाव बरोबर छापलं का?"

लाल_माती

छापलं. ट्रंकेत ठेवलंय. माळेगावच्या जत्रेला त्याला घेऊन या, दाखवतो.