गेम डिझाइनची पदवी की सोलापुरातच कॉम्प्युटर इंजिनिअरिंग?

शेंगाचटणी:
भाचा बारावी झाला. पुण्यात खासगी विद्यापीठात गेम डिझाइन करायचं म्हणतो. माझं मत सरळ आहे: घरी राहून इथंच कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करावं, गेमचं फावल्या वेळात शिकावं. थ्रीडी चित्रं करायचं ब्लेंडर फुकट, गेम बनवायचं गोडो फुकट, मग एवढी फी कशापायी? त्यात २०२३ पासून मोठमोठ्या गेम कंपन्यांनी माणसं काढलीत.

उलटा_धोटा:
मालक, सॉफ्टवेअर येणं वेगळं, गेम करता येणं वेगळं. साधी उडी घ्या. पाय कड्यावरून सुटला, बटण किंचित उशिरा दाबलं, तरी चांगला गेम सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी सवलत देऊन उडी मारू देतो. नाहीतर खेळणारा 'बटणच चालत नाही' म्हणून वैतागतो. कोड चार ओळींचं; पण ते हवंय हे कळायला दुसऱ्यांना खेळताना बघत बसावं लागतं. वर्गात चित्रकार, आवाजवाला, प्रोग्रॅमर एकत्र असले की हे रोज घडतं. यूट्यूबवर नाही.

जुना_गिरणगाव:
सरकारनं गेम बंद केले ना पण?

होटगी_रोड:
काका, २०२५ चा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आहे. हे वेगळं.
धोटाभाऊ, खेळताना बघायला पोरं गड्ड्याच्या जत्रेतपण मिळतात की ओ! मी याच धंद्यात आहे. मुलाखतीत आम्ही आधी गेम चालवून बघतो, पदवी नंतर. बरेच गेम तिथंच अडखळतात. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे स्क्रीनवर ६० चित्रं, हव्यात तर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. त्यात फिजिक्स, शत्रूची हालचाल, चित्र सगळं उरकायचं. त्याला डेटा स्ट्रक्चर, म्हणजे माहिती रचायच्या पद्धती, आणि मॅट्रिक्सचं गणित पक्कं लागतं, ते इंजिनिअरिंगला घोटून घेतात. गेममध्ये नाही जमलं तर बँकेचं सॉफ्टवेअर लिहून पोट तरी भरतं.

उलटा_धोटा:
घोटून कसलं, पाठ करून घेतात. २०२० चा 'राजी' हा गेम पुण्यातच झाला. त्यातले राजस्थानी वळणाचे किल्ले काय मॅट्रिक्समधून आले?

होटगी_रोड:
ते किल्ले स्क्रीनवर हलवले कुणी? डिझाइनच हवं असेल तर इंजिनिअरिंगनंतर एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) बंगळुरू कॅम्पसला डिजिटल गेम डिझाइनचं एम.डेस., म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, आहे.

उलटा_धोटा:
चार वर्षं केट्या, म्हणजे राहिलेले विषय, सोडवून मग आवडीचं शिकायचं. भारी.

शेंगाचटणी:
भाच्याला आत्ताच विचारलं, आजवर काय बनवलंस? म्हणतो, डोक्यात आयडिया लई आहेत.

होटगी_रोड:
मग ॲडमिशनच्या आधी गोडोत एक लेव्हल पुरी करून दाखव म्हणा.

उलटा_धोटा:
हे मात्र मान्य.