सीसीटीव्हीच्या स्विचमध्ये कोणाला शिरू द्यायचं?

सचिव: क्लब हाऊसच्या वायफायवरून सीसीटीव्हीच्या स्विचचं (कॅमेरे नेटवर्कला जोडणाऱ्या डब्याचं) लॉगिन पान कोणालाही उघडतंय. पासवर्ड बदलला आहे. पुरे ना? स्विच सिस्को २९६०-एक्स, पीओईवाला, म्हणजे केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा.

ए-५०२: नाही पुरत. पान उघडतंय तोवर कोणीही बसून पासवर्ड घालून बघणार. ऑफिसच्या पीसीखेरीज स्विचने कोणाला दारातच उभं करू नये. आधी राउटरवर त्या पीसीचा आयपी रिझर्व्ह करा, नाहीतर पत्ता बदलला की आपणच बाहेर. एसएसएचची (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिनची) की आणि युजर तयार आहेत का तेही बघा. मग कॉन्फिगमध्ये:

ॲक्सेस-लिस्ट १० परमिट होस्ट १९२.१६८.१०.५
ॲक्सेस-लिस्ट १० डिनाय एनी लॉग
लाइन व्हीटीवाय ० १५
ॲक्सेस-क्लास १० इन
ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच

ॲक्सेस-लिस्ट म्हणजे कोणाला आत घ्यायचं त्याची यादी, व्हीटीवाय म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करायच्या लाइन, आणि ॲक्सेस-क्लास ती यादी त्या लाइनना लावतो. डिनाय लिहिलं नाही तरी स्विच बाकीच्यांना नाकारतोच. ती ओळ लॉगसाठी, म्हणजे कोण धडकलं ते 'शो लॉगिंग'मध्ये आयपीसकट दिसतं.

सी-२०४: बरेच जण '० ४' लिहून थांबतात. मग ५ ते १५ या लाइन उघड्याच. आणि ॲक्सेस-क्लासमध्ये लिस्टचा नंबर चुकला, त्या नंबरची लिस्टच नसली, तर सगळ्यांना प्रवेश!

वेब पानाला ही लिस्ट लागू होत नाही. ते बंदच करा: 'नो आयपी एचटीटीपी सर्व्हर' आणि 'नो आयपी एचटीटीपी सिक्युअर-सर्व्हर'. एसएनएमपी (नेटवर्कवरून स्विचवर देखरेख ठेवायची सोय) वापरात नसेल तर तेही.

बी-१०१: यात रेकॉर्डिंग तर बंद पडणार नाही?

ए-५०२: नाही काका. कॅमेऱ्यांचं ट्रॅफिक स्विचमधून नुसतं पुढे जातं, त्याला ही लिस्ट लागू होत नाही. मात्र तीच लिस्ट 'आयपी ॲक्सेस-ग्रुप' म्हणून कॅमेऱ्याच्या पोर्टवर टाकली तर तो कॅमेरा गेला.

सचिव: आणि आपणच बाहेर अडकलो तर?

ए-५०२: त्याची सोय आधीच करायची. सुरुवातीला 'राइट मेमरी', म्हणजे सेटिंग सेव्ह, नाहीतर तुमचा नवा पासवर्डही जाईल. लगेच 'रिलोड इन १०', म्हणजे १० मिनिटांनी रीस्टार्ट, आणि मगच वरच्या ओळी. चालू विंडो तशीच ठेवून दुसऱ्या विंडोतून लॉगिन करून बघा. जमलं तर 'रिलोड कॅन्सल' आणि पुन्हा 'राइट मेमरी'. नाही जमलं तर १० मिनिटांनी स्विच जुन्या सेटिंगवर परत येतो. रिलोडमध्ये पीओई जातं, कॅमेरे काही मिनिटं बंद राहतात, म्हणून हे काम दिवसा करायचं. वॉचमनला आधी सांगून ठेवा.

सी-२०४: कन्सोल पोर्टला (स्विचला थेट केबल लावून लॉगिन करायच्या जागेला) यातलं काहीच लागू नाही, तेव्हा रॅकला कुलूप हवंच. शिवाय पीसी बंद असताना त्याच सबनेटवरून (नेटवर्कच्या त्याच भागातून) कोणी १९२.१६८.१०.५ हा पत्ता स्वतःला लावला तर लिस्टला फरक कळणार नाही, ती त्याला आत सोडेल. रहिवाशांचं वायफाय वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवर वेगळं पाडलेल्या नेटवर्कवर) टाका, आणि पासवर्ड दणकट ठेवा.

सचिव: कॅमेरावाला स्वतःचा लॅपटॉप आणतो. त्याच्यासाठी अख्खं सबनेट परमिट करू का?

ए-५०२: अजिबात नको. त्याला ऑफिसच्या पीसीवर बसवा.