पेट (PET) स्कॅनमध्ये पिकोसेकंद कशाला मोजतात?

प्रश्न: पेट स्कॅनबद्दल (किरणोत्सारी औषध टोचून ते शरीरात कुठे जमतंय हे दाखवणारी तपासणी) वाचतोय, तिथे सारखं पिकोसेकंद पिकोसेकंद. स्कॅनला तर चांगली १५-२० मिनिटं लागतात ना, मग सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाचं काय काम?

उत्तर १: टोचलेल्या औषधातून पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच धनभारित जुळा) निघतो, तो इलेक्ट्रॉनला भेटला की दोघं खलास आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा फोटॉन (गॅमा किरणांचे कण) उलट दिशांना सुटतात. दोन्ही काही नॅनोसेकंदांच्या आत डिटेक्टरवर आदळले तर जोडी धरायची, पण त्यातून एवढंच कळतं की घटना त्या दोन डिटेक्टरना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी झाली. कोणता फोटॉन किती आधी पोचला हे मोजलं की जागा सापडते, याला टाइम ऑफ फ्लाइट म्हणतात.

प्रश्नकर्ता: अच्छा! प्रकाश १ नॅनोसेकंदात ३० सेमी, म्हणजे वेळ मोजण्यात २०० पिकोसेकंद इकडेतिकडे झालं तर जागा ६ सेमी इकडेतिकडे?

उत्तर २: नाही, निम्मं, ३ सेमी. जागा एका बाजूला सरकली की एक रस्ता कमी होतो तेवढाच दुसरा वाढतो (मीपण इथेच गंडलो होतो). ३ सेमी जास्त वाटेल पण तेवढ्यानेही इमेजमधला नॉइज बराच कमी होतो, जाड पेशंटमध्ये तर जास्तच. १० पिकोसेकंदांपर्यंत अचूक मोजणं जमलं तर दीड मिमी, त्यासाठी संशोधन चालूये.